छाट

कोर्टासमोर लिंबाखाली टायपिस्ट बसतो.
त्याच्या मशीनचा 'ब' ओळीच्या जरा वर उडतो,
त्यामुळे 'बडतर्फ' आणखीच नजरेत भरतं.
विषय काय घालू, तो विचारतो.
हा शब्द काढून 'सेवामुक्त' करणेबाबत.
एवढंच?
एवढंच.
तीन प्रती, एकशे ऐंशी रुपये.

ही तिसरी खेप.
अकरा वर्षं चार महिने नोकरी,
पण पुस्तक हातात घेतलं की शेवटचं पानच आधी उघडतं.
चिंचोळीला गेटवर वॉचमन हवे असतात,
तेही कागद बघून परत देतात,
दोन बोटांत धरून, ओला असल्यासारखा.

लाल शाईच्या चार नोंदी आहेत माझ्या नावावर,
शिपाई बोद्धूल श्रीनिवास.
पहिल्या तीन मी टपरीवर हसत सांगतो.
रमची बाटली, मेहरसिंग हवालदाराचा जबडा,
लोकांना आवडतं.
चौथी सांगत नाही.
एक्केचाळीस दिवस गैरहजर.

वकील म्हेत्रे म्हणतात, आई आजारी होती लिहा.
सगळे लिहितात. कागदाला कारण लागतं हो,
माणसाकडं नसलं तरी.
दाखल्याचं मी बघतो.

पण त्या वर्षी आई ठणठणीत होती.
हजार विड्या वळायची दिवसाला,
वर शेजारणीच्या शंभर-दोनशे.
आणि मी कंबर तलावाच्या मागं
नरसप्पाच्या टॉवेल-गोदामात,
घरापासून दीड-दोन तासांच्या चालीवर,
सेकंड मालाच्या गठ्ठ्यांवर निजायचो.
युद्ध नव्हतं. कुणी मेलं नव्हतं. बाईची भानगड नव्हती.
सकाळी उठून बूट पुसायचो
आणि स्टेशनाकडं जायचो नाही.
का, ते साहेबांच्या टेबलासमोरही
जिभेवर आलं नाही. आजही येत नाही.

हे घरी सांगितलं.
मांडीवरचं सूप न हलवता आई म्हणाली,
"लिही की मला आजारी, कोडुका.
माझं काय झिजतं?
आता तर खोकतेच मी. तारीख तेवढी मागं घे."

लहानपणी तिच्याबरोबर कारखान्यात जायचो.
चेकर टोपलीत हात घालायचा
आणि मूठभर विड्या बाजूला फेकायचा.
छाट.
तिचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.
बाया भांडायच्या, पान ओलं होतं,
तंबाखूत धूळ होती, दिवाच गेला होता.
आई वाकून त्या ढिगातली एक उचलायची,
दोन बोटांत फिरवायची.
"ही गेली माझी," म्हणायची.
"बाकीच्या चांगल्या आहेत. परत मोज."
कधी मोजायचा, बहुतेकदा नाही.

टायपिस्ट थांबलाय. कारण?
कारण नाही, लिहा.
चौथी नोंद माझी.
बाकीची वर्षं परत मोजावीत, ही विनंती.
असं चालत नाही साहेब, तो म्हणतो.
पैसे तर तेवढेच ना, म्हटलं.
'विनंती'च्या पुढं त्यानं पूर्णविराम इतका जोरात मारला
की तिन्ही प्रतींना भोक पडलं.

घरी आलो. ऊन उतरलं नव्हतं,
विडी घरकुलाचे पत्रे तडतडत होते.
लिहिलंस ना, तिनं विचारलं.
लिहिलं, म्हणालो.

मग कुणी चौकशीला आलंच तर, म्हणून
पंखा बंद करून
ती मला खोकून दाखवायला लागली.
एवढं पुरे का?
का अजून खोलातून?
दाखवता दाखवता खरा ठसका लागला,
आणि मी पाणी आणायला उठलो.